ट्रायकॅट केवढ्याला?

पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरजवळच्या बाकावर पाऊण तास बसलं, तरी हा प्रश्न कानावर पडतोच. फोन वाजतो. काउंटरवरची ताई रजिस्टरमधून मान वर न करता सांगते, "ट्रायकॅट ना? हजार. तपासणी चारशे, ती वेगळी. रेबीज साडेतीनशे." पलीकडच्या माणसाला दुसरीकडे काहीतरी वेगळं सांगितलेलं असणार, कारण ताई लगेच विचारते, "त्यांच्यात तपासणी धरलीये का, ते विचारलंत?" बहुतेकांनी विचारलेलं नसतं.

मांजराच्या लशीचा खर्च म्हणजे नेमका कशाचा खर्च, हे बघायचं म्हणून मी कोथरूडमधल्या एका दवाखान्यात बसू लागले. डॉक्टरांनी आत उभं राहू दिलं. अट एकच होती, मांजराला हात लावायचा नाही.

ट्रायकॅट म्हणजे तीन आजारांवरची एकत्र लस. पहिला पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो. उरलेले दोन सर्दी-डोळ्यांचे, हर्पिस आणि कॅलिसी. आपल्याकडे नोबिव्हॅक ट्रायकॅट ट्रायो आणि फेलिजेन सीआरपी ही नावं जास्त ऐकू येतात. बाटली नखाएवढ्या बुचाची. तिच्या तळाशी पांढरट वडी असते आणि सोबत दुसऱ्या बाटलीत द्रावण. डॉक्टर द्रावण सिरिंजमध्ये ओढतात, वडीच्या बाटलीत सोडतात, हलकेच फिरवतात आणि तेच परत ओढून घेतात. टोचायला काही सेकंद पुरतात. बाहेर पैसे देताना "एवढ्याशा सुईचे एवढे?" असं म्हणणाऱ्यांनी तेवढंच पाहिलेलं असतं.

त्याआधीचं काम मात्र लांबलचक असतं. भाजीच्या पिशवीतून, रिकाम्या खोक्यातून, कधी शर्टाच्या आतून पिल्लू टेबलावर येतं. आधी त्याचं वजन, मग ताप. मांजराचा ताप शेपटीखाली थर्मामीटर घालून बघतात आणि हा कार्यक्रम कुठल्याही मांजराला मान्य नसतो. मग हिरड्यांचा रंग, डोळ्यांतलं पाणी, पोट फुगलंय का, जंताचं औषध कधी दिलं, कालपासून खाल्लं का. माझ्यासमोर एका कॉलेजच्या मुलाचं पिल्लू डॉक्टरांनी लस न देता परत पाठवलं. ताप होता. मुलगा हिरमुसला, तपासणीचे पैसे देऊन गेला. मला विचाराल तर त्या दिवशी त्या दवाखान्यात सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे तेच. आजारी पिल्लाला लस टोचून फायद्याची खात्री नसते, आणि पुढे काही बिघडलं तर दोष लशीवर जातो.

दुसरा न दिसणारा खर्च फ्रिजचा. या लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. वितरकाकडून त्या बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या डब्यात येतात आणि आल्या आल्या फ्रिजमध्ये जातात. या फ्रिजमध्ये कुणाचा डबा नाही की पाण्याची बाटली नाही. आत थर्मामीटर, बाहेर इन्व्हर्टर. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की लशीचं काय होतं, हे बाटलीकडे बघून सांगता येत नाही. रेबीजची लस गोठली तरी बाद होते. स्वस्त लस वाईट आणि महाग चांगली, असं मी म्हणत नाही. लस तीच असते. ती कशी सांभाळली गेली हे मात्र दरपत्रकात लिहिलेलं नसतं. म्हणून कुठेही गेलात तरी फ्रिज एकदा डोळ्यांनी बघावा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

आता हिशेब. पुण्यातल्या खाजगी दवाखान्यांत ट्रायकॅटचा एक डोस साधारण ८०० ते १,५०० रुपये आणि रेबीज २०० ते ५०० रुपये, असे दर मला ऐकायला मिळाले. ताईने फोनवर सांगितलेला दर घ्या. तीन डोसांचे ३,०००, तीनदा तपासणीचे १,२०० आणि तिसऱ्या खेपेला सोबतच रेबीज, ३५०. बेरीज ४,५५०. शेजारच्या गल्लीत ट्रायकॅट १,३००, पण तपासणी त्यातच धरलेली आणि रेबीज ४००. तिथली बेरीज ४,३००. फोनवर तीनशेने महाग वाटलेला दवाखाना वर्षाच्या हिशेबात अडीचशेने स्वस्त निघाला. घरी येणारे डॉक्टर भेटीचे वेगळे पैसे घेतात. एकाच मांजरासाठी ते जड वाटतात. ज्यांच्या घरी तीन-चार मांजरं आहेत आणि एकही पिंजऱ्यात शिरायला तयार नाही, त्यांना मात्र रिक्षाभाडं आणि ओरखडे धरता तेच परवडतं.

डोस तीनच का, हा प्रश्न मी तिथे सगळ्यात जास्त वेळा ऐकला, कारण काही ठिकाणी दोन डोसांत काम संपवतात आणि साहजिकच तिथला आकडा कमी दिसतो. कारण असं, की पिल्लाला आईच्या चिकातून तयार संरक्षण मिळालेलं असतं. ते अंगात असेपर्यंत बाहेरून दिलेली लस ते निष्प्रभ करतं. हे संरक्षण कधी ओसरेल ते पिल्लागणिक बदलतं. कुणाचं आठव्या आठवड्यात, कुणाचं थेट सोळाव्याच्या आसपास. म्हणून पशुवैद्यकांची जागतिक संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने डोस द्यायला सांगते, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यावा असं म्हणते. नवव्या आणि बाराव्या आठवड्यात दोन डोस देऊन कार्ड बंद केलं, तर काही पिल्लांच्या बाबतीत दोन्ही वाया गेलेले असू शकतात. दर विचारताना शेवटचा डोस कितव्या आठवड्यात देणार, हेही विचारायला हवं. त्याशिवाय दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

पुढच्या वर्षांत मात्र खर्च कमी करायला जागा आहे. घराबाहेर न पडणाऱ्या मोठ्या मांजराला ट्रायकॅट दरवर्षी लागतेच असं नाही. पार्व्होविरुद्धचं संरक्षण तीन वर्षं आणि त्याहून जास्तही टिकतं. सर्दीच्या दोन विषाणूंविरुद्धचं तितकं पक्कं नसतं, त्यामुळे मांजर बोर्डिंगमध्ये राहणार असेल किंवा घरात नवी मांजरं येत-जात असतील तर वार्षिक डोस योग्य. डॉक्टरांशी हे मोकळेपणाने बोलावं. "आमची भाटी बाहेर जातच नाही" म्हणून पिल्लूपणीचे डोस टाळणं ही मात्र काटकसर नव्हे. पार्व्होचा विषाणू चपलेच्या तळव्यावरून घरात येतो, महिनोन्महिने तग धरतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही. तो झालेलं पिल्लू सलाईनवर ठेवायचं म्हटलं, की लशीचा सगळा खर्च दोन-तीन दिवसांत ओलांडला जातो आणि पिल्लू वाचेल याची खात्रीही नसते.

टोचायची जागाही बघण्यासारखी आहे. मानगुटीत टोचण्याची सवय जुनी. पण मांजरांमध्ये टोचल्या जागी क्वचित कर्करोगाची गाठ होते, आणि मानगुटीवरची गाठ काढणं अवघड असतं. त्यामुळे आता पायाच्या खालच्या भागात टोचावं असा सल्ला दिला जातो. याचे जास्त पैसे पडत नाहीत, धरणारा माणूस तेवढा चांगला लागतो.

रेबीजच्या बाबतीत मी हिशेब मांडणारच नाही. तो झाल्यावर मांजराला उपाय नाही, माणसालाही नाही. आणि सगळ्यात स्वस्तात मिळणारी लस हीच आहे. ती दहा डोसांच्या बाटलीतही येते, म्हणून शिबिरात एका डोसाचा खर्च खूप उतरतो. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. ते चालवणारी प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था १८७४ पासूनची. बाकी ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने आहेत. पाश्चरने १८८५ मध्ये ६ जुलैला जोसेफ माइस्टर या मुलाला रेबीजची लस टोचली, म्हणून तो दिवस, आणि पाश्चरचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर, या दोन तारखांच्या आसपास अनेक ठिकाणी रेबीजची लस मोफत देतात.

शिबिरात दिली तरी बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या; त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. नुसत्या सही-शिक्क्यावर समाधान मानू नका. आणि सोसायटीच्या जिन्याखाली ज्या मांजरांना तुम्ही रोज मासळीची डोकी घालता, त्यांनाही त्या दिवशी पिशवीत घालून न्या.