99.01 टक्क्यांच्या पुढे काय?

2024 मध्ये दहावीला कोकण मंडळाचा निकाल 99.01 टक्के लागला, राज्याचा 95.81. बारावीला कोकण 97.51, राज्य 93.37. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं हे मंडळ. पहिला नंबर जणू त्याच्याच नावावर. ही मुलं तीन वर्षांनी कुठे असतात, याचा आकडा मात्र निकालासारखा दरवर्षी पेपरात येत नाही.

जनगणनेत त्याची सावली दिसते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069. म्हणजे 81,708 माणसं कमी. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र मुलीच कमी. मोठे झाल्यावर पुरुष जातात कुठे, हे चाकरमान्यांच्या जिल्ह्याला सांगायला नको. (बायका जास्त जगतात हे खरं, पण तेवढ्याने इतका फरक पडत नाही.)

बेरोजगारी मोजणारं केंद्राचं श्रमबल सर्वेक्षण 2023-24 साठी देशातल्या 15 ते 29 वयोगटाचा बेरोजगारी दर 10.2 टक्के सांगतं. तो दर ठरतो कसा, ते रत्नागिरीत बसून पाहावं. बारावी होऊन वर्षभर नोकरी शोधणारा मुलगा घ्या. एप्रिल-मेमध्ये त्याने घरच्या बागेत आंबा उतरवला, पेट्या भरल्या. वर्षात असं 30 दिवस काम झालं की नेहमीच्या व्याख्येत तो रोजगारात धरला जातो. पगार शून्य असला तरी, कारण घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीसही कामगारच. उरलेले महिने तो शोधातच असतो, पण 10.2 मध्ये तो नाही.

हा मुलगा आकड्यातून गळला; दुसरी गळती मुंबईकडे जाणाऱ्यांची. जानेवारी 2025 पासून या सर्वेक्षणाचे लोक निवडलेल्या घरी सलग चार महिने जातात आणि बहुतेक ठिकाणी जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक केला आहे. सुधारणा चांगलीच. तरी पाठलाग होतो तो घराचा, मुलाचा नाही. नालासोपाऱ्यात खोली घेऊन राहिलेला मुलगा राजापूरच्या घराच्या यादीतून उतरतो. बेकार जितके बाहेर पडतील तितका जिल्ह्याचा आकडा सुधारतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2012 ते 2015 या काळात 34 देशांत तरुणांना वेगळा प्रश्न विचारला होता: काम आहे का एवढंच नव्हे, तर ते टिकाऊ किंवा मनासारखं आहे का? शाळेपासून कामापर्यंतचा प्रवास संपला की नाही, ते त्यावरून ठरवलं. कोकण मंडळात दहावीला बसणारी मुलं तीस हजारांच्या आतली. निकालाच्या यादीवरून दर वर्षी त्यांतल्या हजार-दोन हजारांना फोन लावून हाच प्रश्न विचारला, तरी पुरेसं कळेल.