इन्व्हर्टर घेताना : आजची गरज आणि उद्याची वाढ



पूर्वी गावात गेलो की पारावर बियाण्याचे, खताचे आणि किडीचे प्रश्न यायचे. ते आजही येतात. पण आता त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न हटकून येतो : "साहेब, घरावर सौर बसवायचे आहे, इन्व्हर्टर कोणता घेऊ?" आणि ज्यांना बसवून दोन-तीन वर्षे झाली आहेत ते विचारतात, "घेतला तो आता पुरत नाही. वाढवायचा कसा?"

मी शेतीचा पदवीधर, विजेचा नव्हे. पण स्वतःच्या घरावर सौर बसविले, चुका केल्या, त्या निस्तरल्या, आणि गावोगावची पुष्कळ घरे पाहिली. त्यातून जे ध्यानात आले ते आपल्यापुढे ठेवतो. जोडणीचे काम मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावयाचे, हे आधीच सांगतो. का, ते पुढे येईलच.

तीन जाती

पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते, बॅटरीतल्या विजेसारखी. आपले पंखे, फ्रीज, मिक्सर चालतात ते उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर. पहिलीची दुसरी करून देणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. त्याच्या मुख्य जाती तीन. दुधाच्या उदाहरणाने त्या लवकर समजतील.

पहिली जात ऑनग्रीड. धार काढली, घरापुरते दूध ठेवले, उरलेले डेअरीत घातले आणि वहीत नोंद झाली, तसा हा व्यवहार. दिवसा जास्त झालेली वीज लाइनीत जाते, रात्री आपण लाइनीतून घेतो, आणि नेट मीटर दोन्हींचा हिशेब ठेवतो. यात बॅटरी नसते, म्हणून खर्च कमी.

दुसरी ऑफग्रीड. दूध डेअरीत घालायचे नाही. घरीच विरजण, घरीच ताक. दिवसाची वीज बॅटरीत साठवायची आणि रात्री वापरायची. लाइनीत काही जात नाही, नेट मीटर नाही. शेतातल्या वस्तीवर, जिथे लाइन पोचलेली नाही किंवा तासन्‌तास नसते, तिथे हाच उपाय.

तिसरी हायब्रीड. दोन्हींचा मेळ, बॅटरीही आहे आणि लाइनीशीही व्यवहार आहे. किंमत अर्थातच जास्त. पण येथे एक सावधगिरी हवी. जो इन्व्हर्टर लाइनीवरून फक्त बॅटरी भरून घेतो आणि लाइनीत काहीच परत घालत नाही, त्यालाही पुष्कळ दुकानदार 'हायब्रीड' म्हणतात. तेव्हा सरळ विचारा : "हा वीज लाइनीत परत घालतो का? याला नेट मीटर मिळेल का?" उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

लाइन गेली की ऑनग्रीड का बंद पडतो?

ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली. "डोक्यावर ऊन तळपतंय, पॅनेल चकाकतंय, आणि लाइट गेली की घरात अंधार. मग सौर कशासाठी घेतलं?" यात बिघाड नाही. ऑनग्रीड इन्व्हर्टर तसाच बनविलेला असतो, आणि त्यामागे एका माणसाचा जीव असतो. हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्याच चुकीमुळे कळले.

बऱ्याच वर्षांपूर्वी घरी एक साधा बॅटरीचा इन्व्हर्टर होता. त्याची जोडणी फक्त दोन खोल्यांना. एका संध्याकाळी वाऱ्याने खांबाजवळ आमची सर्व्हिस वायर जळाली. थोरल्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर होती. आतल्या खोलीत उजेड हवा म्हणून मी एका वायरीला दोन्हीकडे पिना लावल्या. एक टोक इन्व्हर्टरमध्ये आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसले. घरभर उजेड झाला. मी स्वतःवर खूश.

मेन स्विच बंद करायला मी विसरलो होतो. खांबाकडून तुटलेली ती वायर आता घराकडून जिवंत झाली होती. लाइनमन खांबावर चढला. त्याने सवयीप्रमाणे आधी टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. तो खाली उतरला, दारात आला आणि एवढेच म्हणाला, "साहेब, मलाही घरी दोन लेकरं आहेत." मला मान वर करता आली नाही. मुलीने त्या रात्री कंदिलाजवळ अभ्यास केला.

म्हणून सांगतो, दोन्हीकडे पिना असलेली वायर घरात असू नये. लाइन आणि इन्व्हर्टर या दोहोंमध्ये चेंजओव्हर पाहिजे, म्हणजे एका वेळी एकच जोडला जाईल. ऑनग्रीड इन्व्हर्टर लाइन गेली की आपण होऊन बंद पडतो तो त्या खांबावरच्या माणसासाठी. हायब्रीड स्वतःला लाइनीपासून तोडून घेतो आणि मगच घराला वीज देतो. तुमच्याकडे लाइन वारंवार जात असेल तर नुसता ऑनग्रीड घेऊन रात्रीच्या उजेडाची आशा करू नका.

आधी हिशेब, मग दुकान

पेरणीआधी आपण एकरी किती बियाणे लागेल ते काढतो. तसेच येथेही कागद-पेन्सिल घेऊन बसा, आणि घरातील बायामाणसांना जोडीला घ्या. कोणते उपकरण किती वेळ चालते ते त्यांनाच नीट ठाऊक असते. एका मध्यम घराचा हिशेब असा :

९ वॅटचे ६ दिवे, ५ तास : २७०
७५ वॅटचे ३ पंखे, ८ तास : १,८००
६० वॅटचा टीव्ही, ३ तास : १८०
मोबाइल वगैरे : ८०
फ्रीज, दिवसभरात : सुमारे १,०००
५०० वॅटचा मिक्सर, १० मिनिटे : सुमारे ८५

बेरीज ३,४१५ वॅट-तास. हजार वॅट-तासांचे एक युनिट, म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेतीन युनिट. बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून यातील पाव ते तीस टक्के वीज खातात, म्हणून पॅनेलने पाच युनिटच्या आसपास तयार केली पाहिजे. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. तेव्हा या घराला सव्वा किलोवॅट पॅनेल लागेल. आषाढ-श्रावणात ढगांमुळे उत्पन्न बरेच घटते, हे धरून चाला.

आता रात्रीचे पाहू. दिवे, पंखे, टीव्ही आणि निम्मा फ्रीज मिळून २,७५० वॅट-तास. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास मावतात. पण आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते. इन्व्हर्टरची घट धरून येथे चार बॅटऱ्या लागतील. तेच तीन पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, तर रात्रीची गरज १,६७० वर येते आणि दोन बॅटऱ्यांत कसेबसे भागते. म्हणजे तीन पंखे बदलल्याने दोन बॅटऱ्या वाचल्या. बंधूंनो, इन्व्हर्टर वाढविण्याआधी गरज घटवून पाहा. बांध फुटला असता मोट जोरात हाकण्यात अर्थ नसतो.

लिथियमची बॅटरी महाग, पण ती ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि पाणी घालावे लागत नाही. मात्र इन्व्हर्टरला लिथियमसाठी वेगळी मांडणी आहे का, हे आधी पाहावे.

इन्व्हर्टरचा आकार

इन्व्हर्टरवर ९०० व्हीए असे लिहिलेले असले तरी ते ९०० वॅट नव्हेत. साधारण आठदशांश धरा. म्हणजे सातशेच्या आसपास वॅट. वरील घरात मिक्सरसकट एकाच वेळी हजार वॅटचा भार येतो. शिवाय फ्रीज सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो. लादलेली गाडी जागेवरून हलवताना बैलांना लागतो तसा जोर. म्हणून येथे २,००० व्हीए, म्हणजे सुमारे १,६०० वॅटचा इन्व्हर्टर योग्य.

पण उगाच मोठाही घेऊ नये. इन्व्हर्टर चालू असला की काही काम नसतानाही वीज खातो. रिकामा असताना ५० वॅट खाणारा मोठा इन्व्हर्टर दिवसाकाठी सव्वा युनिट फस्त करतो.

लाट शुद्ध साइन वेव्हचीच घ्यावी. स्वस्तातल्या चौकोनी लाटेवर पंखा गुणगुणतो, फ्रीज व मिक्सरच्या मोटारी तापतात. सौर चार्जर एमपीपीटी पद्धतीचा असावा. तो पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेतो.

विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार घरच्या इन्व्हर्टरवर लावण्याचा विचारही करू नका. तिच्यासाठी सौर कृषिपंपाची वेगळी यंत्रणा असते. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ साली त्यासाठीच सुरू झाली.

वाढवायचे असेल तर

आमच्या भागात एका वस्तीवर एक आबा आहेत. त्यांनी प्रथम १२ व्होल्टचा छोटा इन्व्हर्टर, एक बॅटरी आणि दोन पॅनेल घेतले. पुढच्या वर्षी फ्रीज आला, तेव्हा मोठा इन्व्हर्टर घ्यावा लागला. तो २४ व्होल्टचा. जुन्या बॅटरीला नवी जोडली; आठ महिन्यांत नवीही जुनीच्या पंगतीला बसली. मग कोणाच्या तरी सल्ल्याने दोन्ही इन्व्हर्टरच्या वायरी एकत्र जोडल्या. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि दोन्ही गेले. सुदैवाने माणसाला इजा झाली नाही. आबा म्हणाले, "एका म्हशीचे पैसे जाळले."

त्यांच्या नुकसानीतून आपण शिकावयाचे ते असे :

पहिले, बॅटरीचे व्होल्टेज उद्याकडे पाहून ठरवा. हजार वॅटसाठी १२ व्होल्टवर नव्वदच्या आसपास अँपिअर प्रवाह लागतो. २४ वर तो निम्मा होतो, आणि प्रवाह निम्मा झाला की वायरीतली घट चौथाईवर येते. हजार वॅटपर्यंत १२, त्यापुढे २४, आणि तीन किलोवॅटच्या पुढे जाण्याचा विचार असेल तर आरंभापासूनच ४८.

दुसरे, जुनी व नवी बॅटरी एका जोडीत बांधू नका. एक थकलेला आणि एक ताजा बैल एका जुवाला चालत नाहीत. बदलायच्या तर सगळ्या एकदम.

तिसरे, दोन साध्या इन्व्हर्टरची बाहेर जाणारी वीज कधीही एकत्र करू नका. दोघांच्या लाटा एका तालात नसतात. काही इन्व्हर्टर समांतर जोडण्यासाठीच बनविलेले असतात. ते एकाच बनावटीचे, एकाच मॉडेलचे असावे लागतात आणि त्यांच्यात ताल राखणारी तार असते. तसे नसतील तर घराचे दोन भाग करावेत, आणि दुसऱ्या इन्व्हर्टरवर फ्रीज-मिक्सरची स्वतंत्र वायरिंग टाकावी. न्यूट्रलसुद्धा स्वतंत्र हवा. जुन्या घरांत सगळीकडे एकच न्यूट्रल फिरवलेला असतो, तिथेच घोटाळा होतो.

चौथे, पॅनेल वाढवताना इन्व्हर्टरची व्होल्टची कमाल मर्यादा पाहा. थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते. भार नसताना ४९ व्होल्ट देणारे पॅनेल ५ अंश थंडीच्या सकाळी ५२ पर्यंत जाते. तीन पॅनेल ओळीने जोडले तर १४७ चे १५६ होतात. इन्व्हर्टरची मर्यादा १५० असेल तर उन्हाळ्यात बसवलेला संच पौषातल्या एखाद्या सकाळी जळेल. निफाडकडच्या बंधूंना हे अधिक सांगावयास नको.

पाचवे, ऑनग्रीड संच वाढवताना वीज कंपनीकडे आधी अर्ज करा. न कळवता पॅनेल वाढवू नयेत.

जागा आणि जपणूक

इन्व्हर्टर भिंतीवर, सावलीत, हवेशीर ठेवा. धान्याच्या पोत्यांमागे कोंडू नका. आम्लाची बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून ती चुलीजवळ, गॅसजवळ किंवा देव्हाऱ्याच्या समईजवळ नको. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे पाणी नाही. लहान मुलांचा हात पोचणार नाही असे पाहावे.

पॅनेलकडून येणाऱ्या वायरीवर डीसीचाच एमसीबी हवा. साधा एमसीबी तिथली ठिणगी तोडू शकत नाही, आणि आग लागते. पॅनेलची चौकट, इन्व्हर्टर आणि वीजरोधक यांना वेगवेगळे अर्थिंग करावे. वळवाच्या पावसाआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचे विसरू नये.

अनुदान

२०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे एकूण जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. ते लाइनीला जोडलेल्या संचालाच मिळते. नुसत्या ऑफग्रीडला नाही. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचेच लागतात. अर्ज करतेवेळी नियम काय आहेत ते वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून घ्यावे, आणि यादीतल्या विक्रेत्याशीच व्यवहार करावा.

दुकानात जाताना हिशेबाचा कागद खिशात असू द्या आणि एवढे विचारा : लाट शुद्ध आहे का? बॅटरी किती व्होल्टची? पॅनेल किती व्होल्टपर्यंत चालतील? पुढे समांतर जोडता येईल का? हमी किती वर्षांची, आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार? जो विक्रेता या प्रश्नांनी वैतागेल, त्याचे दुकान सोडून पुढे जावे.

आमच्या घरी आता हायब्रीड संच आहे, मधे चेंजओव्हरही आहे. लाइन गेली तरी घरात उजेड असतो आणि बाहेरची तार मेलेली असते. तोच लाइनमन परवा दुरुस्तीला आला होता. त्याने आजही आधी टेस्टर लावला. मला त्याचे वाईट वाटले नाही. तुमच्याही खांबावर कोणीतरी असाच विश्वासाने चढत असतो. संच बसवताना त्याची आठवण ठेवा.