आधी श्रवण, मग गायन

कोंबड्याला आरवायला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु गाणाऱ्या पाखरांना गाणे ऐकूनच शिकावे लागते. त्यांची ही रीत आपल्या घरातील तान्हुल्याच्या बोलण्याशी विलक्षण मिळतीजुळती आहे.

ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच हा चिमुकला पक्षी पाहा. या जातीत केवळ नर गातो. साधारण 25 दिवसांचे झाल्यावर पिलू बापाचे गाणे ऐकून स्मरणात साठवू लागते. पुढे ते स्वतः अस्फुट किलबिल करते. हे जणू त्याचे बोबडे बोल. स्वतःचा आवाज साठवलेल्या गाण्याशी ताडत ते चुका सुधारते आणि सुमारे 90 दिवसांत गाणे पक्के होते.

त्याच्या मेंदूत यासाठी दोन मार्ग असतात. एक कंठाच्या स्नायूंना आज्ञा देतो. दुसरा सरावातून शिकण्याचे काम करतो. बालवयात हा दुसरा मार्ग खंडित झाला, तर गाणे अर्धवटच राहते. प्रौढपणी त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. शिकण्याला वेळ असते, ती अशी.

मासाकाझू कोनिशी यांनी 1965 मध्ये अमेरिकेतील एका चिमणीच्या जातीवर केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. गाणे आधी ऐकलेली, पण गाऊ लागण्यापूर्वी बहिरी झालेली पिले विस्कळीतच गायली. कंठ शाबूत होता. स्वतःचा आवाज मात्र ऐकू येत नव्हता.

आपल्या बाळाचेही असेच आहे. ऐकू न येणारे मूलही पहिले काही महिने हुंकार देते, म्हणून पालक निर्धास्त राहतात आणि मोलाचा काळ निसटतो. यास्तव पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, दोष आढळल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांस आरंभ, हे वेळापत्रक लक्षात ठेवावे. चाचणी वेदनारहित असून बाळ झोपलेले असतानाही करता येते. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मोठ्या आवाजाने बाळ दचकत नसेल, सहा महिन्यांचे होऊनही हाकेच्या दिशेने मान वळवत नसेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणून थांबू नये.

आणखी एक गोष्ट. फिंचची पिले ध्वनिमुद्रणापेक्षा समोरच्या जिवंत गायकाकडून अधिक चांगले शिकतात. बाळापुढे मोबाईल ठेवण्याऐवजी त्याच्या डोळ्यांत पाहून बोला, अंगाई म्हणा. आपला सूर कसा आहे, याची चिंता नको; बाळाला तोच हवा असतो.