ट्रॅव्हल एजंट व्हायचंय? आधी फोनमधला नकाशा वाचायला शिका

ट्रॅव्हल अँड टुरिझमचा कोर्स करणारे बरेच जण मला विचारतात, "गूगल मॅप्स असताना भूगोल कशाला शिकायचा?" स्वतः फिरायला जायचं असेल तर निळ्या ठिपक्याच्या मागे चालत राहिलं की झालं. पण दुसऱ्याचं बुकिंग करताना तो निळा ठिपका तुमच्या ऑफिसातच असतो आणि ग्राहक जगाच्या दुसऱ्या टोकाला. गडबड झाली तर अडकतो तो.

आधी एक प्रयोग करा. गूगल मॅप्सच्या सर्चमध्ये 46.14, -60.19 टाका. नकाशा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतात जाईल. गावाचं नाव? सिडनी! आता -33.87, 151.21 टाकून बघा. हेही सिडनी, पण ऑस्ट्रेलियातलं. 2017 मध्ये नेदरलँड्सचा एक विद्यार्थी स्वस्त तिकीट मिळालं म्हणून निघाला आणि ऑस्ट्रेलियाऐवजी कॅनडात उतरला.

यातला पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. अक्षांशाला मायनस असेल तर ठिकाण विषुववृत्ताच्या दक्षिणेला (म्हणजे तिथे डिसेंबरात उन्हाळा). रेखांशाला मायनस असेल तर ग्रीनिचच्या पश्चिमेला. आपली मुंबई साधारण 19, 73 वर आहे, दोन्ही प्लस.

तिकिटावर मात्र गावाच्या नावावर जाऊ नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा एसवायडी, कॅनडातल्या सिडनीचा वायक्यूवाय. सॅन होजे तर आणखी फसवं. कॅलिफोर्नियातलं एसजेसी आणि कोस्टा रिकाची राजधानी एसजेओ. एका अक्षरात देश बदलतो आणि व्हिसाचे नियमही.

तारखेची भानगड

माझ्या मते खरा घोळ होतो तो इथे. समजा, एक कुटुंब टोकियोहून 10 जूनला रात्री 9 वाजता होनोलुलूला निघालं. होनोलुलू टोकियोच्या 19 तास मागे आहे. म्हणजे विमान उडतं तेव्हा तिथे 10 तारखेचेच पहाटेचे 2 वाजलेले असतात. 7 तासांचा प्रवास धरला, तर ते पोहोचतील 10 जूनला सकाळी 9 वाजता. निघाले त्याच्या आधी पोहोचले! "रात्री निघाले म्हणजे दुसऱ्या दिवशी पोहोचतील" असं धरून तुम्ही हॉटेल 11 पासून बुक केलंत, तर ते अख्खा दिवस आणि एक रात्र बॅगा घेऊन लॉबीत बसणार.

उलट दिशेला उलटं होतं. लॉस एंजेलिसहून 10 जूनला रात्री साडेदहाला सिडनीसाठी (ऑस्ट्रेलियातल्या हं!) निघालं, तर 15 तासांनी तिथे 12 जूनची सकाळ असते, साडेसहा वाजलेले. 11 तारीख गायब. इथे हॉटेल 11 पासून घेतलं तर एका रात्रीचे पैसे फुकट जातात, आणि पाहुणा आला नाही म्हणून पुढचं बुकिंगही रद्द होऊ शकतं.

हिशोब सोपा आहे. निघण्याची वेळ आधी पोहोचायच्या शहराच्या वेळेत बदला, मग त्यात प्रवासाचे तास मिळवा. फोनच्या वर्ल्ड क्लॉकमध्ये ती शहरं टाकून ठेवा, पण प्रवासाची तारीख पाहून फरक तपासा. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार.

सपाट नकाशा आणि वाकडं विमान

फोनमधला सपाट नकाशा 1569 मध्ये मर्केटरने काढलेल्या पद्धतीवर चालतो. त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगलेले दिसतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं, पण आफ्रिका त्याच्या 14 पट मोठी आहे. या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जेरियावरून जाते. गोल पृथ्वीवर मात्र सगळ्यात जवळचा रस्ता रशिया, स्कँडिनेव्हिया आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून, साधारण साडेबारा हजार किलोमीटरचा. प्रत्यक्ष विमान वारा आणि बंद हवाई हद्दी पाहून मार्ग बदलतं, ते वेगळं.

पटत नसेल तर गूगल अर्थ उघडा, मोजपट्टीचं टूल घ्या, मुंबईवर एक टॅप आणि न्यूयॉर्कवर दुसरा. मग पृथ्वी बोटाने फिरवून ती रेघ कुठून जाते ते बघा.