रोज चालतो, तरी वजन का उतरत नाही?

“डॉक्टर, रोज सकाळी भाटघरच्या रस्त्याला तासभर फिरायला जातो. दोन महिने झाले, पण काटा काही हलत नाही.” भोरच्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी कानावर येतेच. गेल्या उन्हाळ्यात अशीच तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थांना मी विचारले, “फिरून आल्यावर काय घेता?” ते जरा ओशाळले. “स्टँडवर मंडळी भेटतात. चहा होतो, मग एखादा वडापावही होतो.”

सत्तर किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्याने साडेचार किलोमीटर चालला, तर साधारण २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. एक वडापाव तेवढ्या सहज परत देतो. वर दोन चमचे साखरेचा चहा. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. नुसत्या चालण्याने ती उतरवायची तर, ताटात काहीही न वाढवता, महिनाभराहून अधिक दिवस रोज चालावे लागेल. तेही कागदावर. चालून आल्यावर भूकही वाढते, हे त्या हिशेबात धरलेले नाही. उलट चालण्याबरोबर रोज वाटीभर भात कमी केला, तर जवळपास २०० कॅलरी आणखी वाचतात आणि तोच हिशेब निम्म्या दिवसांवर येतो.

भाताचे नाव काढले की आपल्याकडे नाराजी होते, हे मला ठाऊक आहे. भोर-वेल्ह्याचा इंद्रायणी, वर गरम आमटी. तिसऱ्यांदा कधी वाढून घेतले ते कळतही नाही. वेल्ह्याच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या सांगतात की त्यांच्या तरुणपणी ताटात भाताचा ढीगच असे. खरे आहे. पण त्याच बाया डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन डोंगर उतरत, पाणी लांबून आणत, चिखलात दिवसभर वाकून लावणी करत. आज दारात मोटारसायकल आहे, वाडीपर्यंत जीप जाते, बऱ्याच खाचरांत चिखलणी यंत्राने होते. ढीग मात्र तेवढाच राहिला. दोष भाताचा नाही, मापाचा आहे.

“पण मी तर बारीक आहे,” असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचेच उदाहरण देतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन या दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात ९ टक्के चरबी निघाली आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. हे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आपल्या लोकांची चरबी पोटाशी साठते. म्हणून काट्याबरोबर शिवणकामाची टेपही वापरावी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत हवी.

आता स्वतःचे सांगतो. दवाखाना काढला तेव्हा मी ६१ किलोचा होतो. पुढे मोटारसायकल आली. रुग्ण पाहायला खेडोपाडी जायचो, घरोघरी चहा. नाही म्हटले तर माणसे रागावतात. पन्नाशीत वजन ७९ झाले आणि उपाशीपोटीची साखर ११८, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आधी नुसता चाललो. तीन महिन्यांत एक किलो. मग कंटाळून चालणे सोडले आणि जेवण निम्मे केले. चार किलो झपाट्याने उतरले, पण दिवाळीपर्यंत सगळे परत आले. शेवटी रात्रीचा भात एक वाटी, चहा बिनसाखरेचा आणि पाऊण तास चालणे, असे तिन्ही एकत्र धरले. दहा महिन्यांनी ७२ वर आलो.

आहार आणि चालणे यांची सांगड डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवली: दिवसात दोनच जेवणे, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाल. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. माझा अनुभव असा की लोक दोन जेवणे लक्षात ठेवतात आणि चाल विसरतात. ही पद्धत सर्वांना मानवेलच असे नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने जेवणे गाळू नयेत, साखर एकदम खाली जाऊन घेरी येते. गरोदर स्त्रियांनीही हा प्रयोग करू नये.

काटा हटून बसला म्हणून चालणे सोडणाऱ्यांना मी चेन्नईचा अभ्यास सांगतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर तो झाला, निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांना आहार आणि व्यायाम सांभाळायला लावले त्यांचे वजन फारसे घटले नाही, तरी तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिले.

वेल्ह्याकडे आषाढ-श्रावणात रस्त्यावर चालणे अवघडच. तेव्हा देवळाच्या मंडपात किंवा ओसरीवर फेऱ्या घालाव्यात, दहा-दहा मिनिटे तीन वेळा केली तरी चालते.

त्या गृहस्थांचा वडापाव मी बंद केला नाही. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, असे ठरले. परवा टेप लावली तर कंबर तीन सेंटिमीटरने उतरलेली. काट्यावर उभे राहायला मात्र ते अजून तयार नाहीत.