बाटलीतलं कोकम

यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यात कोकम किंवा जायफळ लावण्याचं कुणाच्या मनात येणार नाही. इथल्या मे महिन्यात ती झाडं होरपळून जातील. कलमी (म्हणजे दालचिनी), लवंग, जायपत्री इथे किराणा दुकानातून येतात; या मुलखाचं आपलं झाड म्हणजे साग. पण पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेने कोकमाची रोपं बाटलीत वाढवली, तिचा हात आधी सागावर बसला होता.

पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. रसायनांच्या या घरात व्ही. जगन्नाथन आणि ए. एफ. मस्करेन्हास यांनी ऊतिसंवर्धनाचं, म्हणजे आपल्या बोलीतल्या टिश्यू कल्चरचं, काम रुजवलं. १९७८ मध्ये हळद, १९८० मध्ये साग, १९८३ मध्ये वेलची यांवरचे त्यांचे शोधनिबंध आले. १९९० मध्ये तर बाटलीतल्या बांबूला काही महिन्यांतच फुलं आल्याचं वृत्त ‘नेचर’मध्ये छापून आलं, बाहेर त्यासाठी कित्येक दशकं थांबावं लागतं. २००६ मध्ये शुभदा ठेंगणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकमाच्या अपक्व बियांच्या ऊतींपासून भ्रूण आणि पुढे रोपं तयार केली.

कोकमासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण कोकमात आणि जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात. बी लावली की साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि ते कळतं फुलं आल्यावर. तोवर सहा-सात वर्षं गेलेली असतात. परागासाठी थोडे नर हवेतच. जायफळाच्या बागेत दहा माद्यांमागे एक पुरतो. बाकीच्यांना इतकी वर्षं घातलेलं पाणी वाया जातं. लहान बागायतदाराला हा घाटा झेपत नाही.

बाटलीतली कृती ऐकायला साधी वाटते. साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि अगार यांचं माध्यम १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचं. त्यावर ऊतीचा तुकडा ठेवायचा. सायटोकायनिन हे संप्रेरक जास्त दिलं तर कोंब फुटतात, ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकावर मुळं धरतात. खरी परीक्षा झाडाच्या तुकड्याची असते. कापलेल्या कडेतून फिनॉलं पाझरतात, भोवतालचं अगार तपकिरी होतं आणि तुकडा आपल्याच स्रावाने मरतो. मग कोळशाची पूड घाला, पुन्हा पुन्हा नव्या माध्यमावर हलवा. बाहेरच्या झाडाच्या फांदीत बुरशी आणि जिवाणू मुरलेले असतात ते वेगळंच. पृष्ठभाग कितीही धुतला तरी आठवड्याभरात बाटलीत पांढरी जाळी दिसू शकते. इतकं करून तयार झालेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो. दमट हवेतून त्याला हळूहळू बाहेर आणलं नाही, तर दुपारपर्यंत मान टाकतं.

पण सगळ्यात मोठी अडचण निराळीच आहे. कोवळ्या बीची ऊती हाताला वश होते, आणि बी तर दोन झाडांच्या संकरातून आलेली. तिच्यापासून हजार रोपं केली तरी ती त्या बीच्या प्रती, भरघोस फळं देणाऱ्या मादीच्या नव्हेत. ज्या मादीची प्रत हवी ती पंचवीस-तीस वर्षांची, आणि झाड जितकं वयस्क तितकी त्याची ऊती हट्टी. म्हणून बी-भ्रूणाचं यश मोलाचं असलं तरी ते अर्ध्या वाटेवरचं आहे, असं मला वाटतं.

उरलेली वाट आज कलमं चालवतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ हे कोकम, ‘कोकण सुगंधा’ हे जायफळ असे निवडक वाण दिले. कलमाने मादी नक्की होते, फळही लवकर लागतं. त्यामुळे टिश्यू कल्चर आलं की कलमं मोडीत निघतील, ही समजूत मला पटत नाही.

तरी कलमालाही मर्यादा आहे, आणि प्रयोगशाळेला खरं काम तिथेच मिळतं. आडव्या फांदीची काडी बांधली की कलमही आडवंच पसरतं, जमिनीलगत फोफावतं. सरळ वाढणारं झाड हवं तर सरळ उभ्या कोंबाचीच काडी लागते, आणि असे कोंब एका झाडावर मोजकेच मिळतात. रोपवाटिकेची मागणी त्यांतून भागत नाही. त्या मोजक्या कोंबांतून, काळवंडू न देता, शेकडो कोंब काढता आले तर कलमासाठी लागणारी काडीच बाटलीतून मिळेल.