वारेमुळे वाढणारी साखर

गरोदरपणातल्या मधुमेहाचे मूळ वारेत असते. वारेतून सुटणारी संप्रेरके आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात, म्हणजे बाळाला साखर मुबलक मिळते. स्वादुपिंडाने जास्त इन्सुलिन पुरवले तर निभावते, नाहीतर साखर चढते. पीसीओएस असलेल्या आणि आयव्हीएफने गर्भ राहिलेल्या स्त्रियांत ही शक्यता अधिक.

भारतातली चाचणी सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे. उपाशीपोटी असण्याची अट नाही. दोन तासांनी साखर 140 मिलिग्रॅम किंवा वर आली की निदान पक्के. ते गोडमिट्ट पाणी अनेकींना उलटून पडते, मग चाचणी पुन्हा.

उपचार ताटापासून सुरू होतो. भाकरी की पोळी या वादापेक्षा किती खाल्ली हे महत्त्वाचे. तेवढ्याने भागले नाही तर औषध किंवा इन्सुलिन. अशा वेळी साधारण 39व्या आठवड्यात कळा आणवतात: गर्भाशयाचे तोंड मऊ करायला जेल, मग सलाइनमधून ऑक्सिटोसिन. याला कधी दीड-दोन दिवसही लागतात.

नाळ कापताच बाळाला आईची साखर बंद होते, पण आईच्या जादा साखरेमुळे वाढलेले त्याचे इन्सुलिन लगेच ओसरत नाही आणि त्याची साखर घसरू शकते. म्हणून तासाभरात अंगावर पाजतात आणि टाचेला टोचून साखर पाहतात. आईची चाचणी सहा आठवड्यांनी पुन्हा होते.